बसल्या बसल्या होत नाही!

मराठीत काही शब्द दिसायला गरीब आणि वागायला खाष्ट असतात. "बसल्या बसल्या" हे त्यातलंच एक प्रकरण. "काकू, तुम्हाला काय, बसल्या बसल्या एक टोपी होऊन जाते!" "आजींचा वेळ छान जातो हो, बसल्या बसल्या काहीतरी विणत असतात." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट त्याला वाटतं आपण कौतुकच करतोय. पण मंडळी, या दोन शब्दांनी विणणाऱ्या बाईचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं यंत्रांनीही केलेलं नाही. आज त्यांच्याशी भांडायचं ठरवलंय.

आधी साधा प्रश्न. बँकेतला माणूस काम कसं करतो? बसून. कॉम्प्युटरवाला? बसून. न्यायाधीश? तेही बसूनच. त्यांना कुणी म्हणतं का, "साहेब, तुम्हाला काय, बसल्या बसल्या एक निकाल होऊन जातो"? नाही म्हणत. म्हणजे भानगड बसण्याची नाहीच, कोण बसलंय त्याची आहे. घरातली बाई बसून जे करते ते काम नव्हे, तो तिचा फावला वेळ, असं आपण मनाशी पक्कं करून ठेवलंय. आणि फावल्या वेळेला कोण पैसे देतो?

हे मी कुणाशी वाद झाला म्हणून लिहीत नाहीये. या एका समजुतीवर केवढा धंदा उभा राहतो, ते आंध्रातल्या नरसापूरला दिसलं. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना ही कला शिकवली, आणि पुढे त्यांच्या हातची लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून या बायकांचा अभ्यास केला, आणि १९८२ साली त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक आलं. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या. पण त्यांना कामगार मानलंच जात नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि त्यांचं विणणं 'फावल्या वेळेतलं'. त्यामुळे मजुरी नावापुरती, आणि व्यापार नि निर्यातीचा पैसा मात्र पुरुषांच्या हाती. म्हणजे बघा, 'बसल्या बसल्या' हा नुसता बोलण्यातला प्रकार नाही, ती मजुरी पाडण्याची युक्ती आहे! २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं याचा आनंद आहेच. पण मानांकन गावाला मिळतं, दाम हाताला मिळायला हवा.

आता पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. सुयांवरचं विणकाम यंत्रावर होतं, आणि तेही आजकालचं नाही. विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसाने मोजे विणायचं यंत्र १५८९ साली बनवलं. आपल्या अंगातला टीशर्टसुद्धा यंत्राने विणलेलाच असतो, बारकाईने पाहिलंत तर सुलट टाक्यांच्या ओळी दिसतील. क्रोशाचं मात्र तसं नाही. साखळी घालायची, सुई मागच्या टाक्यातून काढायची, दोरा ओढायचा, खांब उभा करायचा, हे जसंच्या तसं करणारं आणि कारखान्यात सर्रास चालणारं यंत्र अजूनही नाही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. खरा क्रोशा हाताचाच.

आता याचा अर्थ लावा. बाजारात एखादा क्रोशाचा टॉप, एखादी पर्स कवडीमोलाने लटकलेली दिसली, आणि तो क्रोशा खरा असला, तर ती 'यंत्राची स्वस्ताई' नव्हे. कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी गावातल्या बाईचे तास त्या किमतीत कोंबलेले आहेत. आपल्याला ती बाई दिसत नाही, एवढंच.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एक बाई संक्रांतीच्या आधी माझ्याकडे आल्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून क्रोशाचे छोटे बटवे लुटायचे होते, तीस. "दोरा मी आणून देते हं," म्हणाल्या, अगदी उदार चेहऱ्याने. मी मास्तरीण, हिशोब मांडला. एका बटव्याला अडीच तास, तिसाचे पंचाहत्तर. माझे डोळे दिवसाला पाच तास चालतात, म्हणजे पंधरा दिवस. त्या म्हणाल्या, "अहो, असं घड्याळ लावून कुठे कुणी विणतं का! राहू दे मग, ऑनलाइन साठ रुपयांना मिळतात." मिळत असतील. पण साठातून दोरा वजा करा, पाठवणावळ वजा करा, मधल्या माणसाचा नफा वजा करा. विणणारीला वीसेक रुपये उरले असं धरा, अडीच तासांचे. तासाला आठ रुपये! त्याच बाई आपल्या मुलीच्या मेंदीवालीला तासावर पैसे देतात आणि हूं की चूं करत नाहीत.

पण मला खरं वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हापासून ती क्रोशाच्या वस्तू करून विकते. हात सुरेख, काम नेटकं. भाव सांगितला की तिला ऐकावं लागतं, "अगं, आमच्या शेजारच्या आजी तर नुसत्या दोऱ्यावर करून देतात!" वाचलंत? आम्ही पेन्शनवाल्या हौशी बायका भिडेखातर जे फुकट करून देतो, त्याने तिचा भाव पडतो. तिच्या घरी त्यातून दूध आणि फी येते.

म्हणून माझा नियम साधा आहे. मी मनाने देते ती भेट. मागून, संख्या सांगून, तारीख ठरवून घेतात ती भेट नव्हे, ती वेठ. असं कुणी मागायला आलं तर मी तिचा पत्ता देते आणि सांगते, तिथे पूर्ण भाव द्या. माझ्यासारख्या विणणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना माझं हेच सांगणं आहे. नाही म्हणायला जड जातं, मला ठाऊक आहे. आपल्या पिढीला तो शब्द कुणी शिकवलाच नाही. पण ऐंशीच्या आत शिकून घेऊ या!

यावर कुणी म्हणेल, "बाई, मग हाताने भेट विणायचीच कशाला? पाकीट द्यावं, मोकळं व्हावं. तुमचे ते रुमाल हल्ली कुणाला नको असतात." या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. विणणाऱ्यांनी वर्षानुवर्षं टीव्हीवरचे रुमाल, फ्रिजवरचे रुमाल, फोनवरचे रुमाल, सोफ्याच्या पाठीचे रुमाल यांचा जो मारा केला, त्याने माणसं बिचकली आहेत. रुखवतात मांडायचे ते क्रोशाचे मोर, कमळं आणि कलश आठवा. महिनामहिना खपून केलेले. लग्नाच्या दिवशी दोन तास लोकांनी बघितले, आणि नंतर कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत गेले ते कायमचे. आता तर रुखवत तयार मिळतं. म्हणजे हाताची गोष्ट म्हणून जे सुरू झालं, त्यातून हातच गेला आणि देखावा तेवढा राहिला.

म्हणून मी म्हणते, भेट साधी विणा. अवघड नमुना हा बऱ्याचदा विणणारीचा मान असतो, घेणाऱ्याची गरज नसते. आपल्याकडची बाळंतविड्याची पद्धत पाहा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी... त्यात मिरवायला काही नव्हतं, सगळं दुसऱ्या दिवसापासून वापरायचं. भेट कशी असावी याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. आता त्या जागी वेष्टनाच्या कागदातली टोपली आली. तिच्यात निम्मा कागदाचा भुसा!

साधं म्हणजे किती साधं, ते सांगते. ज्यांनी जन्मात सुई धरली नाही त्यांनीही वाचावं.

पहिलं, सुती फडकं. भांडी पुसायला, तोंड पुसायला, बाळाला अंघोळ घालताना, कशालाही. जाडसर सुती दोरा घ्या, चाळीस टाके घाला, आणि ऐंशी ओळी नुसत्या सुलट विणा. उलट टाका यायचीसुद्धा गरज नाही. असं विणताना एका टाक्याच्या रुंदीला साधारण दोन ओळींची उंची लागते, म्हणून टाक्यांच्या दुप्पट ओळी केल्या की चौकोन बरोबर होतो. टाके बंद करा, झालं. हे फडकं धुवून धुवून मऊ होत जातं.

दुसरं, गरम भांड्याखालची चकती. क्रोशाने पहिल्या फेरीत बारा खांब घाला. पुढे प्रत्येक फेरीत बारा वाढवा, म्हणजे चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. चकती सपाट बसते. वाटीसारखी वर वळायला लागली तर खांब कमी पडलेत, झालरीसारखी लाटा मारायला लागली तर जास्त झालेत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा, दोरा सुतीच हवा. आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, मेंढीचं नव्हे, आणि ते उष्णतेने वितळतं. तापलेल्या कढईखाली ते ठेवणं धोक्याचं.

तिसरं, बाळाची टोपी. आठ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची मऊ लोकर. बहात्तर टाके घालून दोन सुलट, दोन उलट असं सहा इंच विणत जा. मग टाके बंद न करता दोरा तोडून सगळ्या टाक्यांतून ओवा, ओढून घट्ट बांधा, आणि मागची शिवण घाला. ही वीण ताणली जाते, त्यामुळे टोपी काही महिने पुरते. लहान बाळाच्या वस्तूला गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या नकोत, मणी नि बटणं नकोत, आणि मोज्यांना मोठ्या भोकांची जाळी नको. नाडी गळ्याला आवळते, बटण तोंडात जातं, जाळीत बोट अडकतं. दिसायला गोड म्हणून बाळाला ताप कशाला?

चौथं, मफलर. त्याच आठ नंबरच्या सुयांवर चाळीस टाके घालून सगळ्या ओळी सुलट, आपल्याला कंटाळा येईपर्यंत! साधारण पाच फूट झाला की पुरे. पहाटे कामाला निघणारा दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, यांच्यापैकी कुणालाही द्या. डिसेंबरात त्याच्या गळ्यात तो दिसला की रुखवतातला मोर काय चीज आहे ते तुम्हाला कळेल.

या चार गोष्टींत एकही नमुना असा नाही की लोकांनी 'अय्या!' म्हणावं. तेच तर मला हवंय. जी भेट बघून लोक 'अय्या' म्हणतात ती बहुधा कपाटात जाते.

आता माझ्या जुन्या दुखण्याकडे वळते, शाळेकडे. वर चकतीत बारा, चोवीस, छत्तीस आले ना? हा बाराचा पाढा आहे, आणि तो हातात धरता येतो. खांब प्रमाणाबाहेर वाढवत गेलं तर कापड लाटा मारतं, हे प्रत्येक विणणारीला माहीत असतं. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिन्या या गणिती बाईंनी याच गुणाचा उपयोग केला. भूमितीत अतिपरवलयी नावाचं एक अवघड प्रतल असतं, कागदावर ते नीट दाखवता येत नाही. बाईंनी ते क्रोशाने विणलं, आणि मुलांना हातात घेऊन वाकवून बघता येईल असं केलं. ज्या लाटांना आपण 'बिघडलं' म्हणून उसवतो, त्यांत गणित होतं!

आणि आमच्या शाळांमध्ये? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. मी नोकरीला लागले तेव्हा वेळापत्रकात तो तास होता. पण परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचाच. "बाई, तुमचा कार्यानुभवचा तास गणिताला द्या," हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, कारागिरांकडून काही शिकावं म्हणून. चांगलं आहे. पण त्या दहा दिवसांत मुलांना मातीकाम-सुतारकाम आणि मुलींना विणकाम-मेंदी अशी वाटणी होणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

कारण 'बसल्या बसल्या'चं मूळ तिथे आहे. ज्याने कधी दोन सुया हातात धरल्या नाहीत, त्यालाच ते सोपं वाटतं. वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून एकदा चाळीस टाके आणि ऐंशी ओळी करून घ्या. साठाव्या ओळीला एक टाका निसटून खाली गेला, की तो उचलताना पोराला जे कळेल ते कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या धड्यातून कळणार नाही. पुढे मोठा झाल्यावर आईच्या, बायकोच्या, बाजारात बसलेल्या बाईच्या कामाला तो फावला वेळ म्हणणार नाही. आणि मुलग्यांना हे शोभत नाही असं म्हणणाऱ्यांनी पेरू देशातल्या टाकिले बेटाची माहिती जरूर वाचावी. तिथे पुरुषच टोप्या विणतात, आणि युनेस्कोने २००५ साली त्या वस्त्रकलेचा गौरव केला. तेही दूरचं वाटत असेल तर टॉम डेली आठवा. इंग्लंडचा हा सूर मारणारा खेळाडू, टोकियोत २०२१ साली त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं, आणि प्रेक्षकांत बसून विणकाम केलं. पदक ठेवायला पिशवीसुद्धा स्वतः विणली. त्याचा पुरुषपणा कुठे कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

तसं पाहिलं तर या कामाची किंमत समाजाला कधी कळतच नाही असं नाही, गरज पडली की बरोबर कळते. १९६२ च्या चीनच्या लढाईच्या वेळी मी सहावीत होते. तेव्हा घराघरांतून जवानांसाठी स्वेटर विणले जात होते. त्या थंडीत कुणी म्हणत नव्हतं की बायका वेळ घालवताहेत. तेव्हा ते देशकार्य होतं. लढाई संपली, आणि त्याच सुया पुन्हा 'विरंगुळा' झाल्या. सुया त्याच, टाके तेच, बदललं ते फक्त बघणाऱ्याचं मन.

शेवटी भेट घेणाऱ्यांना दोन शब्द. कुणी हाताने विणलेलं काही दिलं, तर "कशाला उगाच त्रास घेतलात" म्हणू नका. त्रास घेतलाय तो तुमच्यासाठी, उगाच नव्हे. आणि मुख्य म्हणजे वस्तू वापरा. फडक्याला हळदीचे डाग पडू द्या. टोपी लहान झाली की पुढच्या बाळाला द्या. फाटली तर कळवा, सांधून देऊ. पण 'आठवण' म्हणून कपाटात कोंडू नका. आणि विकत घ्यायचं असेल तर किंमत पाडू नका. परवडत नसेल तर सरळ परवडत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. "यात काय एवढं" म्हणण्यात आहे.

असो. संक्रांत येईल तेव्हा पुन्हा प्लास्टिकचे डबे लुटले जातील, आणि पुन्हा कुणीतरी एखाद्या विणणाऱ्या आजीकडे दोऱ्याचे गुंडे घेऊन जाईल. त्या आजींनी कृपया एवढंच विचारावं, "किती तासांचे पैसे देणार?" आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे आपला मफलर पुढे विणावा. वॉचमनसाठीचा.